वार्वाराचा दिवस

१

आग्रिपिना मेली. वय चोवीस. सतरा डिसेंबर, दुपारची वेळ, बायकांच्या वॉर्डातली मागची खोली. केसपेपरवरची शेवटची ओळ अशी: ‘झोपेत हृदय बंद पडले.’ तिच्या वरच्या ओळी: आठ वाजता शांत, सव्वाआठला शांत, साडेआठला शांत. दुपारी एकपर्यंत दर पंधरा मिनिटांनी शांत. एकाच पेनाने, एका बैठकीत खरडलेलं. मी एकतीस वर्षं मनोरुग्णांची नर्स आहे. पाच तास सलग शांत राहणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. वेडं नाही आणि शहाणंही नाही.

पण मला तिच्यासाठी पाठवलंच नव्हतं. मेलेल्या पोरीची तपासणी कोण करतंय? मला पाठवलं होतं कोर्टाने, तिच्या शेजारच्या खाटेवरच्या ग्लिकेरियासाठी. वय एकाहत्तर. नवरा गेल्यावर उत्तरेकडच्या डोंगरातून इथे डॅन्यूब नदीच्या सपाटीवर पुतण्याकडे आलेली. दिवसभर रडते म्हणून पुतण्याच्या बायकोने दोन डिसेंबरला आणून टाकलेली. आग्रिपिना मेल्याच्या आठवड्यातच हॉस्पिटलने कोर्टाला अर्ज केला होता की बाईचं डोकं कायमचं गेलंय, तिचे हक्क काढून घ्या. चार जानेवारीला सुनावणी. मी फॉर्मवर ‘भान नाही’ लिहिलं की संपलं. घर गेलं, सही गेली, आणि नदीकाठच्या कायमच्या आश्रमात मरेपर्यंत मुक्काम. वर तिच्या शब्दाला कोर्टात काडीची किंमत नाही.

आणि त्या बंद खोलीत आग्रिपिनाखेरीज एकटी हीच होती.

अठरा तारखेला पोलिसांनी तिचा जबाब घेतला होता. चार ओळींचा. ‘वार्वाराच्या दिवशी, गुरुवारी, सिस्टरने त्या पोरीला खाटेला बांधलं. तोंडात टॉवेल कोंबला. दार ओढून घेतलं आणि गेली. बाहेर गाणी चालली होती.’

खाली डॉक्टर मानोलाकेचा शेरा: ‘संत वार्वाराचा सण चार डिसेंबरला झाला. मयत रुग्ण नऊ डिसेंबरला दाखल झाली. जबाब देणारीस दिवसाचे भान नाही. गाण्यांचे भास होतात. विश्वास ठेवू नये.’

वाचायला किती सोपं! पण मी जबाब पुन्हा वाचला आणि एका शब्दावर अडले. म्हातारी म्हणते गुरुवार. चार डिसेंबरला शुक्रवार होता.

२

वॉर्डात शिरले तर नाकाला रुमाल लावावा लागला. क्लोरीनच्या खाली लघवी, लघवीच्या खाली उकडलेला कोबी. बायका भिंतीला टेकून ओळीत बसलेल्या, कुणाच्याही पायात मोजे नाहीत. आणि मेट्रन ओलिंपियाबाईंच्या खोलीत मात्र कॉफीचा घमघमाट, टेबलावर नाताळचा अक्रोड घातलेला गोड पाव.

“या ताई, बसा. थंडी काय मरणाची!” त्यांनी पावाचा जाडजूड तुकडा कापला. “खा ना. घरचाय.”

“बाहेर बायका अनवाणी आहेत, ओलिंपियाबाई.”

“मोजे दिले की संडासात टाकतात. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही यातल्याच.”

यातलीच! अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला. पाव तसाच ठेवला आणि विचारलं, “त्या पोरीच्या मनगटांवर वळ होते म्हणे?”

“होते ना. मी कशाला लपवू?” ओलिंपियाबाई पुढे झुकल्या, आवाज खाली आला. “सरळ हिशोब सांगते. म्हातारी वेडी असेल, तर तिने काही पाहिलंच नाही. विषय संपला. आणि तुमच्या मते ती शहाणी असेल, तर नीट ऐका ना ती काय म्हणते. वार्वाराचा दिवस! सणाचा नव्हे हो. आमच्याकडे वार्वारा नावाची नर्स आहे. पंधरा तारखेची ड्युटी तिची. तिनेच बांधलं असणार, आणि लिहायचं विसरली असणार. कोवळी पोर आहे, मला तिचं वाटोळं करायचं नाही. म्हणून म्हणते, म्हातारी वेडी राहिलेलीच सगळ्यांना बरी.”

“आणि सतरा तारखेला सकाळी वॉर्डात कोण होतं?”

“मी. एकटी. चार्ट पाहिलात की, पोर शांत होती.”

“म्हातारी जेवत नाही असंही लिहिलंय.”

“मांस नको, दूध नको, अंडं नको. बटाटे आणि पाव तेवढा गिळते. विषाचा संशय, दुसरं काय? आम्ही नाताळचं डुक्कर वाढलं, तर ताट सरकवलं. बाईसाहेबांचा नाताळ अजून यायचाय ना!” आणि त्या खो खो हसल्या.

मीही हसले. काय करणार, कधीकधी हसावं लागतं.

३

वार्वारा नावाची नर्स मला कपड्यांच्या कपाटामागे सापडली. तेवीस वर्षांची, रडून नाक लाल झालेलं. मला पाहताच उठून उभी राहिली.

“मॅडम, मी कुणाला बांधलं नाही. आईशप्पथ! पंधराला ती पोर दिवसभर माझ्या मागे मागे फिरत होती. गात होती. तिला एकच धून यायची, पण मोठ्याने गायची.”

“सतराला तू कुठे होतीस?”

“मला सुट्टी दिली मेट्रननी. मी मागितली नव्हती. म्हणाल्या, घरी जा, वॉर्ड मी बघते.”

“म्हातारीशी तुझं काही वाकडं?”

“छे हो! मला आवडते ती. फक्त एकदा...” ती अडखळली. “चार तारखेला माझ्या नावाचा सण होता ना, मी केक आणला होता सगळ्यांना. तिला द्यायला गेले तर म्हणाली, ‘तुझा दिवस अजून कुठे आलाय गं?’ सगळे पोट धरून हसले. तिने केकला हातही लावला नाही.”

म्हणजे चार तारखेला म्हातारीच्या मते वार्वाराचा दिवस आलाच नव्हता. मग आला कधी? माझ्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं, पण ते चिमटीत येईना.

४

ग्लिकेरिया मागच्या खोलीत भिंतीकडच्या खाटेवर बसली होती. डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधलेला. शेजारच्या खाटेवर नुसती गादी, आणि गादीवर मधोमध पिवळा डाग. अकरा दिवसांत कुणाला ती गादी उचलावीशी वाटली नव्हती.

“कोण तू? पांढरं दिसतंय, बाकी काही दिसत नाही,” म्हातारी म्हणाली. “आल्या दिवशीच माझा चष्मा काढून घेतला. म्हणे, काच फोडून गळा कापून घेशील.”

“मी मिनोदोरा, मावशी. कोर्टाकडून आलेय. काही प्रश्न विचारायचेत.”

“विचार. इथे प्रश्न फार विचारतात. ऐकत कुणी नाही.”

फॉर्म काढला. हे काम मी झोपेतही करू शकते. आपण कुठे आहोत? “वेड्यांच्या इस्पितळात, आणि तुला वाटतंय तेवढे वेडे इथे खाटांवर नाहीत.” माझ्यापुढे कोण बसलंय? “तूच सांगितलंस, मिनोदोरा. कोर्टाची.” शंभरातून सात वजा करत चला. ती माझ्याहून भरभर गेली. उथळ पाण्याला खळखळाट फार, याचा अर्थ काय? “म्हणजे तुमचा डॉक्टर.”

मला हसू आवरेना. मग विचारलं, “आज वार कोणता?”

“सोमवार.”

“तारीख?”

“पंधरा.”

त्या दिवशी अठ्ठावीस होती. वॉर्डाच्या दारात नाताळचं झाड सुकायला लागलं होतं. तारखेच्या चौकटीत मी ‘चूक’ लिहिलं. सगळ्यांनी लिहिलं, तसंच मीही लिहिलं. ही गोष्ट मला लपवायची नाही, कारण तिचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

“त्या दिवशी बांधणारी सिस्टर कोण होती, मावशी?”

“पांढरा डगला. बोलली नाही ती. पोरगी गात होती, मग गाणं बंद झालं. मग पाय आपटल्याचा आवाज, बराच वेळ. मी ओरडले. दार बंद, आणि बाहेर मुलं गात होती, कुणाला काय ऐकू येणार? मी उठून गेले तिच्याकडे, गाठी सोडवायला लागले. माझी बोटं ही अशी.” तिने संधिवाताने वाकलेले हात पुढे केले. “टॉवेल तेवढा निघाला. उशीर झाला होता.”

ती पुढे म्हणाली, “आता सणाच्या दिवशी तिच्यासाठी मेणबत्ती लावायचीय. सोडतील का गं तोवर? दहाच दिवस राहिलेत नाताळला.”

पेन माझ्या हातातच राहिलं.

५

मी तडक रेकॉर्डच्या खोलीत गेले आणि तिचा पूर्ण केसपेपर पसरला. बिचाऱ्या वार्वाराने एक काम चोख केलं होतं. बाकीच्या नर्सांनी नुसतं ‘तारीख चूक’ लिहिलं होतं, हिने म्हातारीचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. दहा डिसेंबरला म्हातारी म्हणाली, सत्तावीस नोव्हेंबर. चौदाला म्हणाली, एक डिसेंबर. एकविसाला म्हणाली, आठ. आज अठ्ठावीसला, पंधरा.

बोटांवर मोजलं. तेरा. तेरा. तेरा. तेरा.

अगं बाई! ज्याचं भान सुटतं तो आज दोन दिवसांनी चुकतो, उद्या दोन वर्षांनी. रोज न चुकता तेरा दिवसांनीच चुकणारं माणूस वेडं नसतं. ते दुसरंच कॅलेंडर वाचत असतं. उत्तरेच्या डोंगरात अजून अशी गावं आहेत. शंभर वर्षांपूर्वी चर्चने तारखा पुढे सरकवल्या, ते यांनी मानलं नाही. मार खाल्ला, तुरुंगात गेले, पण सण जुन्याच तारखांना करतात. त्यांच्या तारखा आपल्या तेरा दिवस मागे. वार मात्र तोच, सोमवार सगळ्यांचा सोमवारच.

मग बाकीच्या गाठी एकेक करून सुटल्या. तिचा नाताळ आपल्या सात जानेवारीला, म्हणजे खरोखरच दहा दिवसांनी. तोवर उपास, म्हणून मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, केक नाही. विषाचा संशय म्हणे! आणि तिच्या चार डिसेंबरला, संत वार्वाराच्या दिवशी, आपली तारीख कोणती?

सतरा. गुरुवार.

धावत मागच्या खोलीत गेले. “मावशी, तुम्ही जुन्या कॅलेंडरवाल्या ना?”

“मग? आमचं अख्खं गाव जुनं.”

“हे इथे कुणालाच सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! त्या मोठ्या सिस्टरला, आल्या आल्या. उपासाचं ताट मागायला गेले होते. आवाज ओळखते मी तिचा. म्हणाली, बरं बरं, लिहून ठेवते.”

केसपेपरवर त्याचं एक अक्षर नव्हतं.

६

आता एकच भास शिल्लक होता, गाण्यांचा. त्यासाठी डॉक्टर मानोलाकेला गाठलं. गृहस्थ टेबलाशी बसून संत्रं सोलत होता.

“डॉक्टर, सतरा तारखेला इथे कुणी गायला आलं होतं?”

“हो, जिल्ह्याचे पाहुणे आले होते. दरवर्षी येतात. शाळेची मुलं नाताळची गाणी म्हणतात, संत्री वाटतात, फोटो काढतात. अकरा ते एक. फार छान झालं यंदा, वॉर्ड अगदी शांत होता.”

“मागच्या खोलीतल्यांना संत्री मिळाली?”

“तिथे नाही नेत पाहुण्यांना.” तो हसला. “तिथलं काय दाखवणार?”

“आणि त्याच मागच्या खोलीतल्या बाईने गाणी ऐकली, तर तुम्ही लिहिलंत भास!”

त्याचं सोलणं थांबलं. मी विचारलं, “शवविच्छेदनाचा अहवाल कुठाय?”

“आला असेल. सुट्ट्या आहेत ना, टपाल बघायचं राहिलंय.”

टपालाच्या ढिगात तो पाकीट शोधायला लागला. मीच ढीग ओढला. भेटकार्डांच्या खाली, औषध कंपनीच्या कॅलेंडरच्या खाली, लिफाफा होता. चिकटवलेला, जसाच्या तसा. आठवडाभर एक मेलेली पोर तिथे पडून होती आणि हा वर संत्र्यांची सालं टाकत होता. एक प्रत पोलिसांकडेही गेली असणार. तीही तिथे अशीच कुठेतरी फरशीवर पडली असेल.

मी फाडला आणि मोठ्याने वाचलं. ‘दोन्ही मनगटांवरील वळ ताजे, मृत्यूपूर्वी काही तासांतील. दातांत निळ्या सुती कापडाचे धागे. मृत्यू गुदमरल्याने.’

“ताजे वळ म्हणजे पंधरा तारखेचे नव्हेत,” मी म्हटलं. “वार्वारा सुटली.”

“पण चार्टवर तर...”

“चार्ट जिने लिहिला तिलाच बोलवा आता.”

७

ओलिंपियाबाई आल्या त्या हसतच. अहवाल वाचला तरी हसू पुरतं गेलं नाही.

“धागे काय, कशाचेही असतील. पाहिलं कुणी? एका वेडीने, तीही बिनचष्म्याची.”

“तिने चेहरा पाहिला नाही, खरंय,” मी म्हटलं. “तिने फक्त दिवस सांगितला. वार्वाराचा दिवस, गुरुवार, बाहेर गाणी. तिच्या कॅलेंडरने तो सतरा डिसेंबर. सतराच्या सकाळी वॉर्डात कोण होतं हे मला तुम्हीच सांगितलंत. एकटी, म्हणालात.”

“मला काय स्वप्न पडलंय, कुणाचं कुठलं कॅलेंडर आहे ते!”

“पडलंय ना. ‘बाईसाहेबांचा नाताळ अजून यायचाय’ असं म्हणालात. मी टोमणा समजले. ते खरं होतं, ओलिंपियाबाई. अख्ख्या हॉस्पिटलात ते फक्त तुम्हाला माहीत होतं, कारण तिने फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला माहीत होतं की तिची तारीख जुळणार नाही आणि तिचा दिवस बरोबर असेल. म्हणून तर ‘भान नाही’चा अर्ज एवढ्या घाईने करायला लावलात. आणि तो फसलाच तर वार्वाराच्या नावावर ढकलायची सोय. दोन्हीकडून तुम्ही कोरड्या.”

डॉक्टर सालं गोळा करत बसला.

“पंधरा मिनिटं,” ओलिंपियाबाई म्हणाल्या. आता आवाज चिडका होता, रडका नव्हता. “पंधरा मिनिटांसाठी बांधलं होतं. पाहुणे यायचे आणि ही बया घसा फाडून गाणार! कार्यक्रम लांबला, त्यात माझा काय दोष? मग कॉफी द्यायची होती त्यांना. तुम्ही नाही बांधलंत कुणाला कधी? एकतीस वर्षांत?”

“बांधलंय,” मी म्हटलं. “आणि सोडेपर्यंत शेजारी बसलेय. टॉवेल कधी हातात घेतला नाही.”

“देवमाणूस!”

“नाही. मीही आज तारखेपुढे ‘चूक’ लिहिलं होतं.”

मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि पोलिसांना फोन लावला. माझ्या फॉर्मवरचा तो शब्द खोडून शेजारी लिहिलं, ‘भान पूर्ण आहे,’ आणि सही केली.

८

चार जानेवारीला कोर्टाने अर्ज फेटाळला. ग्लिकेरियाचा जबाब सरकारी वकिलाने तिच्याच तोंडून पुन्हा घेतला, आणि या वेळी तिची प्रत्येक तारीख दोन्ही कॅलेंडरांनी लिहिली. ओलिंपियाबाई तोवर कोठडीत होत्या. वार्वारा कामावर परतली. मागची खोली बंद केली म्हणतात. मला खात्री नाही, अशा खोल्या दुसऱ्या दारामागे पुन्हा उघडतात.

सामान घ्यायला म्हातारीबरोबर मीही वॉर्डात गेले. सामान कसलं, एक गाठोडं. दारात डॉक्टर मानोलाके उभा होता. नवा टाय, चेहऱ्यावर माफीचा भाव. त्याच्यावर नुसती चौकशी बसली होती, आणि ती कधी उठेल हे त्यालाही माहीत होतं. त्याने हात पुढे केला.

“चला मावशी, झालं गेलं विसरून जा. आमच्याकडूनही थोडं चुकलंच.”

ग्लिकेरियाने त्या हाताकडे पाहिलं. स्वतःचा हात गाठोड्यावरून काढला नाही.

“त्या पोरीचं नाव काय होतं रे?”

“कुठल्या?”

“माझ्या शेजारच्या.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

“ती... मागच्या खोलीतली,” तो म्हणाला. “चार नंबर. फाइल बघून सांगतो.”

अठरा दिवस झाले होते. पोलीस झाले, अहवाल झाला, वर्तमानपत्रात आलं, चौकशी झाली. आणि या माणसाला अजून फाइल बघायची होती.

“आग्रिपिना,” म्हातारी म्हणाली. “लिहून घे.”

त्याने गडबडीने खिशातून पेन काढलं, कार्डाच्या मागे काहीतरी लिहिलं आणि शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने तिच्यापुढे धरलं. म्हातारीने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. सावकाश, एकेक अक्षर वाचलं. मधलं एक अक्षर त्याने खाल्लं होतं.

तिने कार्ड त्याच्या हातात परत दिलं.

“चुकलं,” ती म्हणाली. “पुन्हा लिही.”